मनकर्णाबाईंनी तुरुंगात पाठवलेली सासू

त्या डब्याचा मला पहिल्या दिवसापासून राग होता आणि तो अजून गेलेला नाही. केबल कंपनीचा रेकॉर्डिंगचा डबा. काळा, चपटा, पुढे एक लाल दिवा. विकत द्यायचा नाही, भाड्यानेच द्यायचा, अशी कंपनीची रीत. आणि भाड्याने द्यायचा तो कोणाला? पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या वाडीला. इथली निम्म्याहून जास्त घरं दिवाळी झाली की कुलपं लावून ऊस तोडायला जातात, ती पाडव्याच्या आसपास परत येतात. ज्या बाईला अर्धं वर्ष स्वतःच्या घराचं दार दिसत नाही, तिच्याकडून टीव्हीच्या डब्याचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला घ्यायचं. याला धंदा म्हणत असतील तर म्हणोत. मी याला दुसरं नाव देते, पण मी अंगणवाडीच्या पोरांना शिकवते, तेव्हा ते इथे लिहीत नाही.

डबा येण्याआधी त्याचं काम मनकर्णाबाई करायच्या. फुकट करायच्या.

मनकर्णाबाई माझ्या अंगणवाडीला लागून राहतात. आमच्या वाडीतल्या वाल्मिकची ही सख्खी आत्या. लग्न होऊन शेवगावकडे गेल्या होत्या. मूल लवकर झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली आणि यांना एका पिशवीनिशी एसटीत बसवून दिलं. सासूने वाटेसाठी भाकरीसुद्धा बांधून दिली नाही, हे त्या अजून सांगतात. नवऱ्याचं नाव घेत नाहीत, भाकरीचं सांगतात. माहेरी आल्यावर भावाबरोबर ऊसतोडीला जायला लागल्या. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. चांगलं धडधाकट माणूस, आणि मुकादम हाक मारणार 'अर्धा कोयता' म्हणून! बरीच वर्षं त्यांनी हे ऐकून घेतलं. मग एकदा डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना पाय सटकला, गुडघा कायमचा गेला आणि मनकर्णाबाई वाडीतच राहायला लागल्या. तेव्हापासून हंगामात मागे राहिलेली पोरं त्यांच्या घरी असतात. वाल्मिक आणि त्याची बायको सविता यांची पोरगी अश्विनी तर पहिलीपासून त्यांच्याकडेच.

हंगामात त्यांचा एक नेम होता. दिवेलागणीनंतर टीव्हीवर ती मालिका लागायची. तीच, मोठं घर, झोपाळा, दागिन्यांनी मढलेली सासू आणि रडणारी धाकटी सून. या एकीचं नाव सांगून उपयोग नाही, सगळ्या तशाच असतात. मनकर्णाबाई पोरांना जेवायला वाढता वाढता मालिका बघायच्या आणि ती संपली की सविताला फोन लावायच्या. तिकडे कोल्हापूरकडच्या कारखान्याच्या उसाच्या फडाजवळ पाचटाच्या झोपड्या असायच्या. सविता फोन स्पीकरवर टाकून पाट्यावर ठेवायची आणि वाडीच्या साऱ्या बाया आपापली परात, आपापलं पीठ घेऊन तिच्या चुलीपाशी यायच्या.

"आज काय झालं, आत्याबाई?"

मग आत्याबाई आधी पोरांचं सांगायच्या. कोण काय जेवलं, कोणाला खोकला झाला, मास्तर काय म्हणाले. त्यानंतर मालिका. सासूचा आवाज नाकातून काढायच्या, सुनेचा बारीक. जाहिराती गाळायच्या, पण जाहिरात लागली तेव्हा आपण भाजी कशी परतली ते सांगायच्या. अंगणवाडी बंद करून मी कितीदा त्यांच्या ओट्यावर बसून हे ऐकलंय. टीव्हीपेक्षा बरं वाटायचं. का बरं वाटायचं, ते मला फार पुढे कळलं.

आता डबा कसा आला ते सांगते. उन्हाळ्यात गावची जत्रा होती. केबलचा माणूस श्रीमंत तिथे मांडव टाकून बसला होता. नाव श्रीमंत, शर्ट कंपनीचा, जीभ साखरेची. म्हणाला, "ताई, आता म्हातारीच्या तोंडाकडं बघायची गरज न्हाई. डबा सगळं धरून ठेवतो. हंगाम करून या आन निवांत बसून बघा."

सविताला ते पटलं. तिचंही खरं होतं. मला म्हणाली, "बाई, ऐकून ऐकून त्या सुनेचं तोंडच इसरलेय मी. मला डोळ्यांनी बघायचंय." रतनबाई तिच्याच ऊसतोडीच्या टोळीतली, तीही भाड्यात वाटा द्यायला तयार झाली. आणखी दोघी-तिघी आल्या. मी म्हटलं, अगं, वीज गेल्यावर डबा काय धरून ठेवणार? आणि आपल्याकडे वीज असते कधी? पण जत्रेत अंगणवाडीच्या बाईचं कोण ऐकतंय! डबा घेतला. आणि ठेवायचा कुठे? हंगामात या बायांच्या हक्काचं उघडं घर एकच. आमच्या बायांनी मनकर्णाबाईंच्या जागी आणलेला डबा मनकर्णाबाईंच्याच फळीवर नेऊन ठेवला. त्यांनी त्याच्यावर रुमाल घातला. धूळ बसू नये म्हणून, असं म्हणाल्या.

फोन मात्र बंद झाला नाही. बायांना हंगामभर धीर कुठला धरवणार? त्यामुळे इकडे डबा लाल दिवा लावून मालिका धरायचा आणि शेजारी बसून मनकर्णाबाई तीच मालिका फोनवर सांगायच्या. एकदा ऐकलेलं पुन्हा कोण बघत बसतंय, असा त्यांचा हिशेब. तिथेच त्या चुकल्या.

पाडवा झाला, टोळ्या परत आल्या. घरं सारवून झाली, अंथरुणं धुऊन झाली. एका दुपारी सविता, रतनबाई आणि बाकीच्या मनकर्णाबाईंच्या घरात दाटीवाटीने बसल्या. मीही होते. मनकर्णाबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. सविताने रुमाल काढला आणि संक्रांतीच्या सुमाराचा भाग लावला.

पडद्यावर सासू. भरजरी शालू, झोपाळ्यावर.

"आँ? ही हितं कशी?" रतनबाई म्हणाली. "हिला तर पोलिसांनी नेली ना?"

"जामिनावर सुटली आसंल," दुसरी म्हणाली. आमच्या बायांना याचं नवल नाही. मालिकेत मेलेली माणसं नवं तोंड लावून परत येतात, तिथे तुरुंगातून येणं म्हणजे काहीच नाही. दर उन्हाळ्यात घरी आल्यावर मालिका वेगळीच दिसली की मनकर्णाबाई असंच काहीतरी सांगून वेळ मारून न्यायच्या आणि बाया मान डोलवायच्या.

पण डब्यात एका मागोमाग एक भाग होते. सासूने जेवणाचं ताट सुनेच्या अंगावर फेकलं. सुनेने सांडलेला भात वेचला आणि वर सासूच्या पाया पडली. पुढच्या भागात पुन्हा तेच, फक्त साडी वेगळी. मनकर्णाबाईंच्या सांगण्यात याच सुनेने वाड्याच्या दारात शिलाईचं दुकान टाकलं होतं, सासूच्या तोंडावर हिशेब फेकला होता आणि पोलिस येऊन सासूला जीपमध्ये घालून घेऊन गेले होते. झोपड्यांपुढे त्या दिवशी बायांनी परातीवर थापा मारल्या होत्या, असं रतनबाईनेच मला सांगितलं होतं.

सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"आत्याबाई," सविता म्हणाली, "सासू तुरुंगात गेलीच न्हाई?"

"न्हाई गेली." मनकर्णाबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "त्यांनी न्हाई पाठवली, म्हनून म्या पाठवली."

"आन दुकान?"

"ते बी म्याच टाकलं." आता त्यांचा आवाज चढला. "दिसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून तुमी चुलीपुढं बसनार. तुमाला मी काय सांगू? की आज बी तिनं मार खाल्ला आन पाया पडली? तुमच्या घशाखाली भाकर गेली आसती का? त्या लिहिनाऱ्यांना लाज न्हाई, म्हनून मला बी नसावी का?"

मला त्या क्षणी उठून त्यांची पाठ थोपटावीशी वाटली. खरंच कोणाला लाज नाही. ज्यांची पोटं भरलेली आहेत असले लोक गार खोलीत बसून रोज एका सुनेला मार खायला घालतात, दुसरे गार खोलीत बसून ते डब्यात भरून भाड्याने देतात, आणि फेडायचं कोणी, तर हाताला उसाची पानं चिरलेल्या बायांनी. रतनबाई आधी हसली. मग बाकीच्या हसल्या. "आत्याबाई, लई बेस केलंत, तुमचीच मालिका बरी," असं कोणीतरी म्हणालं.

सविता हसली नाही. ती डब्याच्या लाल दिव्याकडे बघत होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "माझ्या पोरीचं बी आसंच सांगितलं का?"

मालिकेतली सून रडतच होती. मी उठून टीव्ही बंद केला.

मनकर्णाबाईंनी ताटली बाजूला ठेवली. खोटं बोलायची ती वेळ होती, आणि नेमक्या त्याच वेळी त्या खरं बोलल्या. "माघात अश्विनी फाट्यावर गेल्ती. दप्तर घेऊन. उसाच्या ट्रकला हात करीत उभी हुती. आईकडं न्या म्हनून."

"एकटी?"

"एकटी. एका ट्रकवाल्यानं थांबून इचारपूस केली, मला निरोप धाडला. मी जाऊन आनली."

"त्या दिशी तुमी मला फोनवर काय सांगितलं? पोरगी दोन भाकरी खाऊन झोपली."

"खाऊन झोपली. फाट्यावरनं आनल्यावर."

सविता उठली. डब्याची वायर उपटली, डबा काखेत घेतला आणि आपल्या घरी गेली. शाळेतून आलेल्या अश्विनीलाही तिने वाटेतूनच घरी नेलं. त्या दिवसापासून ती मनकर्णाबाईंशी बोलेनाशी झाली. पाण्याला जाताना त्यांच्या दारावरून मान खाली घालून जायची.

मला सविताचा राग आला नाही. पोरगी हायवेच्या फाट्यावर ट्रकला हात करते आणि आईला कळत नाही, हे कोणती आई सोसेल? राग मनकर्णाबाईंचा आला. तसं त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "सांगितलं आसतं तर ती कोयता टाकून आली आसती. आगाऊ पैसं घेतल्यालं, मुकादम ऐकला आसता का? वाल्मिकला मारझोड झाली आसती. मग?" ते ऐकून मला जास्तच संताप आला. या 'मग'चं उत्तर मुकादमाने द्यायला पाहिजे, कारखान्याने द्यायला पाहिजे. ते देत नाहीत, म्हणून एक लंगडी बाई फोनवर खोटं बोलते.

पावसाळा असाच गेला. दिवाळी झाल्यावर सविताने डबा माझ्या अंगणवाडीत आणून ठेवला. "बाई, ह्ये परत करा. आमी आता जानार, घराला कुलूप." श्रीमंतला फोन केला, तर म्हणाला, डबा नगरच्या ऑफिसात जमा करायचा. आणायला तो जत्रेपर्यंत आला होता, न्यायला वाडीपर्यंत येववत नव्हतं. मी डबा पिशवीत घालून एसटीने नगर गाठलं. काउंटरवरच्या पोराने डबा उलटा केला, सुलटा केला, मग म्हणाला, "रिमोटच्या झाकणाशिवाय जमा होणार नाही." रिमोटच्या झाकणाशिवाय! पोरांच्या घरात बॅटरीचं झाकण टिकतं का कधी? मी विचारलं, "आणि आतलं रेकॉर्डिंग? बायांनी भाडं भरलंय, ते तरी दुसऱ्या कशात काढून द्या." तो म्हणाला, "ते कंपनीच्या डब्यातच चालतं, मॅडम. बाहेर निघत नाही." म्हणजे भाडं आमचं, वीज आमची, राखण आमची आणि धरलेलं सगळं कंपनीचं. मी तिथे जो आवाज चढवला, तो ऐकून आतला साहेब बाहेर आला आणि झाकणाशिवाय डबा जमा झाला. पावती घेऊनच मी जिना उतरले.

तशीच मी बाजारात चौकशी करत हिंडले. टोळीबरोबर नेता येईल असं काही मिळतंय का ते बघायला. एका दुकानात फुकट चॅनेलवाल्या छत्रीचा डबा होता, त्याला पेनड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग होतं, भाडं नाही. पण त्यात ती मालिका दिसत नाही. दुसऱ्याने सांगितलं, मोबाईलवर चॅनेलचं अ‍ॅप घ्या. फडात रेंज एका कडेच्या लिंबाखाली मिळते, तिथे बोलणं होतं, मालिका चालत नाही. तिसरा मेमरी कार्डात भरून देतो म्हणाला, पण रोजच्या रोज नगरला कोण येणार? सगळं ऐकून मी घरी आले आणि सविताच्या दारात उभं राहून तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि एक सोय आपल्या वाडीतच आहे. तिला भाडं लागत नाही आणि वीज गेली तरी चालते."

सविता भांडी पोत्यात भरत होती. "मालिका गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "पोरगी मी संगं नेनार हाय."

अश्विनी चौथीत होती. वाचायला तरबेज. फडावर शाळा कुठली? तिथे ती धाकट्यांना सांभाळेल, पाणी भरेल आणि दोन-चार वर्षांनी हातात कोयता घेईल. हे मला दिसत होतं, सवितालाही दिसत होतं. मी काही बोलणार एवढ्यात मागे काठीचा आवाज आला. गुडघा ओढत मनकर्णाबाई आल्या होत्या. पाडव्यानंतर पहिल्यांदा त्या या दारात उभ्या होत्या.

"तिला नेऊ नगस," त्या म्हणाल्या. "मी खरं सांगन."

सविता भांडी भरत राहिली.

"रडली तर रडली म्हनून सांगन. फाट्यावर गेली तर गेली म्हनून सांगन. जेवली न्हाई तर तसं सांगन. पन तू तिकडं ऐकून घ्यायचं. सोसंल का तुला? त्ये बघ आधी."

सविताने पोत्याच्या तोंडाची दोरी सोडली. मग तिने अश्विनीचे दोन झगे पोत्यातून बाहेर काढले आणि शेजारी ठेवले.

"आन मालिकेचं?" तिने विचारलं.

"मालिकेचं माझं मी बघन," मनकर्णाबाई म्हणाल्या.

टोळी गेली. दारांना कुलपं लागली. थंडी पडायला लागली तेव्हाची ही संध्याकाळ. मी अंगणवाडी बंद करून ओट्यावर बसले होते. आत मालिका संपली आणि मनकर्णाबाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे परातीवर भाकरी थापल्याचे आवाज, एक बैल हंबरला.

"आज काय झालं, आत्याबाई?" सविताचा आवाज.

मनकर्णाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे बघून म्हणाल्या, "आज ती शाळंत गेली न्हाई. पोट दुखतंय म्हनली. पोट दुखत नव्हतं. तू दांडीवर ठेवून गेलीस ती साडी अंगाभवती गुंडाळून दिसभर कोपऱ्यात बसली. रडली. जेवन सांजच्याला केलं, अर्धी भाकर."

पलीकडचा थापण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, फोन कट झाला. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, थोडं तरी खोटं बोलायचंत.

"सविता? ऐकतीस का?"

"ऐकतेय."

"उद्या मी सोता तिला शाळंत घालून येनार हाय. गेली का न्हाई त्ये उद्या सांगन."

"बरं," सविता म्हणाली. मग एक थाप पडली, दुसरी पडली. "मालिकेचं सांगा आता. आज त्या सुनेला घराभाइर काढनार हुते ना?"

आज खरोखरच काढलं होतं. पावसात, अनवाणी. मी दारातून बघितलं होतं.

"तिला कशाला काढत्यात?" मनकर्णाबाई म्हणाल्या आणि सुनेचा बारीक आवाज काढायला लागल्या. "तिनंच सासूचं गठुडं बांधलं आन दारात ठिवलं. म्हनली, ही घ्या तुमची पिशवी, आन ही वाटंसाठी भाकर. मी तुमच्यावानी न्हाई, उपाशी धाडनार न्हाई."

पलीकडे बाया खो खो हसल्या. "खोटं, आत्याबाई, सपशेल खोटं!" रतनबाई ओरडली.

"व्हय, खोटं. पुढं सांगू का नको?"

"सांगा, सांगा!"

त्यांनी सांगितलं. सासू एसटीत बसेपर्यंत सांगितलं. हसणं ओसरलं, बाया आपापल्या चुलीकडे गेल्या असाव्यात, कारण आवाज कमी झाले. मनकर्णाबाई फोन ठेवणार, तेवढ्यात सविता हळू बोलली.

"आत्याबाई, ती साडी धुऊ नका."

"न्हाई धुतली," मनकर्णाबाई म्हणाल्या.